चार वायरी, एक चमचा

सरांचे दोन्ही हात कायम पँटच्या खिशात असत. लॅबमध्ये मुलं मोटरशी झटापट करत असायची आणि सर त्यांच्या पाठीमागे खिशात हात घालून उभे. कुणी म्हणालं, "सर, एवढं टोक जरा धरता का?" तर मान हलवायचे. "मी धरणार नाही. मी बघतो. धरा तुम्ही."

संगमनेरच्या बाहेर, पुणे रस्त्यावरून थोडं आत वळलं की आमचं पॉलिटेक्निक. मी तिथे इलेक्ट्रॉनिक्सला शिकवायला लागले तेव्हा सर तिथे जुने झाले होते आणि त्यांच्याबद्दलच्या गोष्टीही. सडपातळ, उंच, पांढरा शर्ट, मान थोडी पुढे. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ते अहो-जाहो करत. फळ्यावर स्वतः कधी लिहीत नसत. एखाद्या मुलीच्या हातात खडू देऊन आपण शेवटच्या बाकावर बसत आणि तिथून सांगत. स्टाफरूमचा चहा घेत नसत. घरून थर्मास आणत आणि त्यातला चहा स्टीलच्या नळीने ओढून पीत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "दात." बस्स, एवढंच. मस्टरवर सही करायची तर केबिनचं दार लावून घेत. मुलं म्हणायची, "सरांचे हात सोन्याचे हायेत राव, म्हणून तिजोरीत ठेवत्यात."

शिकवत मात्र असे की ऐकत राहावं. त्यांचा आवडता विषय स्टेपर मोटर. ही मोटर पंख्यासारखी गरगर फिरत नाही, ती पावलं टाकते. सांगाल तेवढी पावलं पुढे, सांगाल तेवढी मागे, आणि सांगाल तिथे घट्ट उभी. पण तिला एकटीला काही करता येत नाही. तिच्या आणि कॉम्प्युटरच्या मध्ये ड्रायव्हर नावाची एक लहानशी पाटी लागते. ती हुकूम घेते आणि मोटरच्या आतल्या दोन गुंडाळ्यांना आळीपाळीने वीज देते. मोटरमधून चार वायरी बाहेर येतात. कुठली कुणाची जोडीदार, हे आधी शोधायचं. मुलं रंग बघून जोडायची, कारण इंटरनेटवरच्या चित्रात तसं असायचं. आणि मग मोटर फिरण्याऐवजी जागच्या जागी थरथरायची.

"रंगावर जाऊ नका हो," सर मागून म्हणत. "वायर खोटं बोलत नाही, रंग बोलतो. कुठल्याही दोन वायरींची टोकं एकमेकांना टेकवा. आता दांडा बोटांनी फिरवा. हलका फिरला? मग त्यांचं नातं नाही. दुसऱ्या दोन घ्या. जड लागला? ती जोडी."

दांडा जड लागला की मुलांचे चेहरे उजळत. सर तेवढ्यावर पुढच्या टेबलाकडे जात. कौतुक बिवतुक काही नाही.

आणखी एक दंडक होता. वीज चालू असताना मोटरची वायर उपटायची नाही. ड्रायव्हर तत्क्षणी जळतो. एका मुलाने उपटली तेव्हा सर ओरडले नाहीत. त्यांनी जळकी पाटी त्याच्या बाकावर ठेवायला लावली आणि म्हणाले, "बघा. हिचं काही चुकलं नव्हतं." तो मुलगा नंतर कित्येक दिवस सरांच्या समोर यायचं टाळत असे.

लोक त्यांना आखडू म्हणत, आणि त्याला कारणही घडलं होतं. एका वर्षी कॉलेजात प्रकल्पांचं प्रदर्शन होतं. संस्थेचे अध्यक्ष आले होते, सोबत तालुक्यातली बडी मंडळी, मोबाईलवर फोटो काढणारे वेगळे. आमच्या मुलांनी रोपांच्या ट्रेमध्ये बी टाकणारं यंत्र केलं होतं. ट्रे एकेक घर पुढे सरकायचा आणि वरून एकेक बी पडायचं. अध्यक्ष समोर उभे राहिले आणि ट्रे हलेचना. टेबलाला कुणाचा तरी धक्का लागून एक वायर निसटली होती. ती सगळ्यांना दिसत होती. मुलं गडबडली, कुणाला काय करावं सुचेना.

"सर, तुम्हीच बसवा की ती," अध्यक्ष हसत म्हणाले. "एवढे तज्ज्ञ उभे आहात."

सर खिशात हात घालून उभे होते. "मी बसवणार नाही," ते म्हणाले. "यंत्र मुलांचं आहे. मुलं बसवतील."

"अहो, एक वायर तर आहे."

"एकच असली तरी."

प्राचार्यांनी ओठ आवळले. मी पुढे होऊन वायर बसवली, ट्रे चालला, टाळ्या झाल्या. पण अध्यक्ष तोवर पुढच्या टेबलाकडे गेले होते. पुढच्या वर्षी विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा ती सरांहून बऱ्याच नवख्या माणसाला मिळाली. सरांनी त्या माणसाचं अभिनंदन केलं, खिशातून हात न काढता. स्टाफरूममध्ये त्याचीही चर्चा झाली.

मलाही ते तेव्हा आखडूच वाटले होते.

त्यानंतर बऱ्याच काळाने, एका शनिवारी कॉलेज सुटताना ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत ते कधी असे आले नव्हते.

"मॅडम, उद्या घरी याल का जरा? एक जोडणी करायची आहे."

"कसली, सर?"

"तीच. स्टेपरची." मग थोडं थांबून, "आमच्या बाईंसाठी."

सरांच्या पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, एवढं मला माहीत होतं. सगळा गाव त्यांना बाई म्हणायचा, सरही बाईच म्हणायचे. आजारी आहेत, शाळा सुटली आहे, हेही कानावर होतं. काय आजार, ते कुणी विचारलं नव्हतं. सरांना काही विचारायचं नाही, असा एक रिवाजच पडून गेला होता.

प्रवरेच्या पुलापलीकडे एका कॉलनीत त्यांचं बैठं घर होतं. पुढच्या खोलीत खिडकीशी हातांची खुर्ची, आणि तिच्यात बाई. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या. मांडीवर टॉवेल आणि टॉवेलवर त्यांचे दोन हात, कुणीतरी आणून ठेवल्यासारखे. नसांचा आजार होता. आधी उजवा हात गेला, मग डावा. पायांत अजून जोर होता. जीभ जड झाली होती, शब्द सावकाश आणि ओले यायचे, पण त्यांतला तिखटपणा शाबूत होता.

"ये गं," त्या म्हणाल्या. "तू ती होय वायर बसवणारी? ह्यांनी माझ्यासाठी जेवणाची क्रेन आणलीय बघ."

टेबलावर खरंच एक लहानशी क्रेन होती. ॲल्युमिनियमचा हात, त्याच्या टोकाला चमचा, खाली दोन मोटरी. एक मोटर तो हात वाटीकडून तोंडाकडे वळवणार, दुसरी वर उचलणार. सांगाडा सरांनी नगरला एका कारखान्यातून बनवून घेतला होता. जोडणी तेवढी राहिली होती. वायरी मोकळ्या लोंबत होत्या आणि ड्रायव्हरच्या दोन पाट्या प्लास्टिकच्या पिशवीत तशाच होत्या.

"एवढं तर सर, तुम्ही..." मी बोलायला गेले आणि थांबले.

सर खिडकीबाहेर बघत होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुला म्हाईत नाही?" त्या म्हणाल्या. "अगं, ह्यांचे हात थरथरतात."

"काय गरज होती सांगायची," सर म्हणाले.

"मग तिला बोलावली कशाला? शोभेला?"

मग बाईंनीच सगळं सांगितलं, अधूनमधून दम खात. सरांचे वडील नेवाशाकडच्या एका खेड्यात चर्चचे पाळक होते. त्यांचेही हात असेच थरथरायचे. नुसते मांडीवर असले तर काही नाही. काही उचलायला गेलं की सुरू. प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षारसाचा प्याला लोकांच्या ओठाला लावताना तो हिंदकळायचा. मंडळीत कुजबूज सुरू झाली, की पाळकबुवा प्याल्यातलं आधी स्वतःच पितात. कुणी तोंडावर बोललं नाही. फक्त हळूहळू लोक त्यांच्या हातून प्याला घेईनासे झाले. रांगेतून मुकाट परत फिरायचे. सर तेव्हा शाळेत होते आणि पहिल्या बाकावर बसून हे बघत होते.

"ह्यांना तिशीत सुरू झालं," बाई म्हणाल्या. "तेव्हापासून हात खिशात. माझ्याशिवाय कुणाला पत्ता नाही. औषध घेतलं की झोप येते, म्हणून तेही धड घेत नाहीत."

सरांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, वेळ जातोय," ते म्हणाले. "पकड तिथे डब्यात आहे."

मी कामाला लागले. हाताला काम होतं हे बरंच झालं.

बाईंना जेवू घालायला एक मावशी येत. चार घरची कामं करणाऱ्या. त्या दिवशीही मी वायरी सोलत असताना आल्या आणि भराभर वरणभात कालवून बाईंना भरवू लागल्या. पहिला घास गिळून व्हायच्या आत दुसरा ओठाशी.

"मावशी, हळू," सर म्हणाले.

"व्हय व्हय, हळूच चाललंय. पन मला अजून दोन घरं हायेत, सर. तितं बी लोकं उपाशी बसलीत." मग माझ्याकडे बघून, "ह्ये मशीन चालू झालं तर बरंच हुईल बाई. माजी बी धावपळ वाचंल."

सर स्वतः भरवत नसत. एकदा प्रयत्न केला होता. गरम वरणाचा चमचा हिंदकळून बाईंच्या गळ्यावर सांडला होता. तिथे अजून एक गुलाबी डाग होता. बाईंनी तो मला दाखवला नाही. पदर सरकला तेव्हा दिसला आणि सरांनी तोंड फिरवलं.

त्या दिवशी पहिली मोटर जोडताना सरांनी घाई केली. "काळी-हिरवी एक जोडी, लाल-निळी दुसरी. लावा." मी लावली. वीज दिली. मोटर फिरली नाही. जागच्या जागी थरथर, थरथर, आणि तिच्याबरोबर ॲल्युमिनियमचा हात, आणि टोकाचा चमचा टेबलावर टकटकटक वाजायला लागला. मी झटकन बटण बंद केलं.

"रंगावर गेलो," सर शेवटी म्हणाले. "मीच."

मग मी दोन-दोन वायरींची टोकं जुळवून दांडा फिरवत बसले, आणि जड लागला तेव्हा "लागला" म्हणाले, एखाद्या विद्यार्थिनीसारखं.

पुढे मी दर रविवारी जात राहिले. नवराही म्हणायचा, जा, तुला तिथं करमतं. करमायचं म्हणजे काय ते सांगता येत नाही. त्या घरात हसणं होतं, पण प्रत्येक हसण्यानंतर बाई दमत, आणि दर रविवारी त्या आधीपेक्षा लवकर दमत. आमची घाई कशासाठी आहे हे तिघांनाही ठाऊक होतं.

अडचणी एकामागून एक येत. चमचा पहिल्यांदा बरोबर तोंडाशी यायचा. मग प्रत्येक खेपेला किंचित खाली, किंचित खाली, आणि शेवटी हनुवटीवर टेकायचा. "पावलं गळतायत," सर म्हणाले. ह्या मोटरीला आपण कुठे आहोत हे कळत नाही. सांगितलेली पावलं टाकली असं ती धरून चालते. ओझं जड झालं आणि एखादं पाऊल चुकलं, तर ती चूक घेऊनच पुढे जाते. ड्रायव्हरवर एक बारीक स्क्रू असतो, त्याने वीज कमीजास्त करता येते. तो मी सरांच्या सांगण्यावरून केसाएवढा फिरवायचा. कमी पडली तर पावलं गळणार, जास्त झाली तर मोटर तापणार. शिवाय वाटीपाशी एक लहान बटण बसवलं. यंत्राचा हात दर खेपेला आधी त्या बटणाला शिवणार, म्हणजे आपण घरी आलो हे त्याला समजणार, आणि मग नव्याने मोजणी.

यंत्र किरकिर आवाज करायचं. "कानाशी डास बसल्यासारखं वाटतं," बाई म्हणाल्या. सरांनी आवाज न करणारा ड्रायव्हर मागवला आणि मी सगळं उचकटून पुन्हा जोडलं. एकदा बाईंची जेवणाआधीची प्रार्थना चालू असताना चमचा निघाला आणि त्यांच्या नाकाला लागला. "प्रभूपेक्षा ह्याला घाई," असं म्हणून त्या इतक्या हसल्या की ठसका लागला आणि सरांचा चेहरा पांढरा पडला. तेव्हा सरांनी ठरवलं, चमचा कधी निघायचा ते बाई ठरवतील. शिलाई मशीनसारखं एक पायाचं बटण त्यांच्या उजव्या पायाखाली ठेवलं. दाबलं की एक घास.

पहिली चाचणी माझ्यावर झाली. मी खुर्चीत बसले, हात मांडीवर ठेवले आणि पाय दाबला. चमचा वाटीत गेला, खिचडी घेऊन वळला, वर आला, माझ्या ओठांशी येऊन थांबला. एक शीतही सांडलं नाही. मी घास घेतला. चमचा परत गेला आणि वाटीपाशी उभा राहिला.

"कसं वाटलं?" सरांनी विचारलं.

"अचूक आहे, सर." मग मला राहवलं नाही म्हणून म्हणाले, "पण समोर कुणी नाही असं वाटतं."

"मी बसेन ना समोर," सर म्हणाले.

पुढच्या रविवारी बाई बसल्या. मावशींना सुट्टी दिली होती. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. वाटीत मऊ खिचडी, वर साजूक तूप. बाईंनी डोळे मिटले, अन्नाबद्दल आभार मानले, आमेन म्हटलं, डोळे उघडले. त्यांचं पाऊल बटणाशेजारी होतं. ते हललं नाही.

सर वाट बघत राहिले. "दाब ना," ते म्हणाले.

बाई यंत्राकडे बघत होत्या. "सुंदर झालंय," त्या म्हणाल्या. "खरंच. आता तुम्ही भरवा."

"म्हणजे?"

"म्हणजे चमचा घ्या आणि भरवा मला."

"अगं, सांडेल."

"सांडू दे. टॉवेल आहे."

"भाजेल तुला."

"मघाचं गार झालंय सगळं."

सर उभेच राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी तोडगा काढीन असं वाटल्यासारखं. मी उठून आत जायला निघाले तर बाई म्हणाल्या, "तू बस. परकी नाहीस."

सरांनी खिशातून उजवा हात काढला. मी तो इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिला. लांब, नाजूक बोटं. चमचा उचलेपर्यंत ठीक होतं. खिचडी घेतली आणि हात सुरू झाला. वाटीवरून निघालेला चमचा अर्ध्या वाटेतच निम्मा रिकामा झाला होता. शितं टॉवेलवर, बाईंच्या साडीवर, खुर्चीच्या हातावर. बाईंनी मान पुढे केली, चमच्यामागे तोंड नेलं, इकडे तिकडे, आणि अखेर ओठांत पकडला. दातांवर चमच्याचा खडखड आवाज झाला. घास आत गेला.

"हे काही बरोबर नाही," सर म्हणाले. "अर्धं सांडतंय."

"अर्धं मिळालं," बाई म्हणाल्या. "भूक लागलीय. बोलत बसू नका."

हे असंच चालू राहिलं असतं तर किती बरं झालं असतं. पण अर्ध्या चमच्याने माणूस जगत नाही. जेवण लांबत जायचं, बाईंची मान दुखायची, दोघंही घामाघूम. वजन उतरायला लागलं. नगरच्या डॉक्टरांनी सरांना झापलं. तेव्हा दोघांनी मिळून ठरवलं, पहिला घास सरांचा, बाकीचे यंत्राचे. बाई पहिला घास गिळत, मग पाय दाबत. सर समोर बसून राहत. मावशी सांगायच्या, "मी सैपाक करून देते आन् निगते. तितं आपलं काय काम न्हाई बाई."

मग पावसाळ्यानंतर पाय गेला. बटण सरच दाबू लागले. बाई पापण्या मिटून खूण करायच्या. त्यानंतर गिळणं गेलं. डॉक्टरांनी पोटात नळी बसवली, आणि चमचा, तो हाताचा असो की यंत्राचा, लागेनासा झाला.

त्या काळात मी गेले की यंत्र चालूच असायचं. हिरवा दिवा लागलेला, हात तोंडाच्या उंचीवर येऊन थांबलेला. मी मोटरीला हात लावून पाहिला, चटका बसला. ही मोटर उभी असताना जास्त तापते, हे सरांनीच शिकवलेलं.

"सर, बंद करू का?"

"नको," ते म्हणाले. "उद्या परवा गिळायला लागली तर वेळ जायला नको."

बाई ऐकत होत्या. त्यांना आता बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पापण्या मिटल्या. राहू दे, असा त्याचा अर्थ मी घेतला.

बाईंचं माहेर श्रीरामपूरचं. त्या गेल्या तेव्हा दफन तिथेच, ख्रिस्ती स्मशानभूमीत झालं. बाईंनी शिकवलेली माणसं आली होती, त्यांतली कितीतरी आता स्वतः लेकराबाळांची. गाणी म्हटली गेली. पाळकांनी वचनं वाचली. सर सगळ्यांत पुढे उभे होते, आणि माती पडायला लागली तेव्हा त्यांनी मागे वळून मला शोधलं. मी जवळ गेले. मला वाटलं, आता रडतील.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "निघताना यंत्र बंद केलं का कुणी? गरम होत असेल."

मी मावशींना फोन लावला. त्यांनी जाऊन बंद केलं.

सर त्याच वर्षी निवृत्त झाले. निरोपसमारंभ नको म्हणाले. बाईंचा भाऊ श्रीरामपूरला बोलावत होता, तिकडेही गेले नाहीत. मी अधूनमधून जायचे. ते दार उघडायचे, बसा म्हणायचे, आणि आम्ही कॉलेजातल्या मुलांबद्दल बोलायचो. मग माझी बदली संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजला झाली आणि जाणं कमी होत गेलं.

गेल्या उन्हाळ्यात संगमनेरला काम निघालं म्हणून दुपारी त्यांच्याकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. हाक मारली तर आतून "या" आलं.

सर खिडकीपाशी, बाईंच्या खुर्चीत जेवायला बसले होते. समोर टेबलावर यंत्र. वाटीत वरणभात. सर खूप वाळले होते. हात आता खिशात नव्हते. दोन्ही मांडीवर होते आणि मांडीवरही ते थरथरत होते. आता त्यांना काही उचलायचं निमित्त लागत नव्हतं.

"बसा," ते म्हणाले. "मावशी आताच गेल्या. भरवते म्हणतात. मीच नको म्हटलं."

त्यांनी पाय दाबला. चमचा वाटीत गेला, भरून निघाला, वळला, वर आला आणि थांबला. तो सरांच्या तोंडाच्या बराच खाली, छातीशी येऊन थांबला होता. सरांनी पाठ वाकवली, मान खाली घातली, घास घेतला आणि पुन्हा सरळ बसले. त्या वाकण्याने त्यांच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला.

"सर, उंची कमी पडतेय," मी म्हणाले. "पावलं वाढवली की झालं. लॅपटॉप आहे माझ्याकडे, आत्ता करून देते. पाच मिनिटांचं काम."

मी बॅग उघडली. सर चावत होते. त्यांनी घास पूर्ण गिळला.

"नको, मॅडम," ते म्हणाले. "तिच्या मापाचं आहे ते."

मग त्यांनी पुन्हा पाय दाबला, आणि चमचा यायच्या आधीच वाकून बसले.